फूड मायक्रोबायोलॉजीत रिसर्च करायचाय, पण तिथे दिवसभर करतात काय?

प्रश्न थोडक्यात असा होता: एमएस्सी मायक्रोबायोलॉजीचं शेवटचं वर्ष चालू आहे, राहायला डोंबिवलीला, एका टेस्टिंग लॅबमधून क्यूसीच्या, म्हणजे मालाची क्वालिटी तपासायच्या, जॉबची ऑफर आलीये, घरचे म्हणतायत घेऊन टाक, पण मनात फूड सेफ्टीमध्ये पीएचडी करायचं आहे आणि या फील्डमधला सायंटिस्ट नक्की करतो काय, त्यात पुढे काही आहे का, हे कोणी नीट सांगत नाहीये.

मी या कामात तीसेक वर्षं आहे, सगळी मुंबईतच, आता रिटायरमेंट जवळ आलीये. माझ्याकडे पीएचडी करणाऱ्या मुली तुझ्याच वयाच्या आहेत म्हणून सरळ 'तू' म्हणतेय. उत्तर लांबणार आहे, निवांत वाच.

आधी एक समज बाजूला ठेवूया. बाहेरच्या लोकांनाच काय, मायक्रोच्या मुलांनाही वाटतं की फूड सेफ्टी म्हणजे सँपल आणायचं, प्लेट टाकायची (जंतू वाढवायच्या बशीवर लावायचं), जंतू मिळाले तर फेल नाही मिळाले तर पास. ते टेस्टिंग झालं. ते लागतंच, त्याच्याशिवाय कायदा चालणार नाही आणि एक्स्पोर्टचा कंटेनर हलणार नाही. पण टेस्टिंग जिथे हात टेकतं तिथून रिसर्च चालू होतो. हे नुसतं बोलून कळत नाही म्हणून एक टेस्ट जरा आतून दाखवते.

समज मिरची पुडीचं सँपल आलंय आणि त्यात साल्मोनेला (जुलाब-ताप आणणारा जंतू) आहे का बघायचंय. २५ ग्रॅम पूड घ्यायची, २२५ मिली बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये, म्हणजे जंतूंना पोसणाऱ्या पाण्यात, टाकायची आणि ३७ डिग्रीला साधारण १८ तास ठेवायची. यात बाकीच्या जंतूंना रोखणारं कोणतंही सिलेक्टिव्ह केमिकल नाही, आणि ते मुद्दाम नाही, कारण कोरड्या मसाल्यात महिनोन्महिने पडून राहिलेली साल्मोनेला अर्धमेली झालेली असते, तिला डायरेक्ट कडक मीडियात (जंतू वाढवायच्या मिश्रणात) टाकलं तर ती तिथेच मरेल आणि तुझा रिपोर्ट येईल 'नाही' म्हणून. तापातून उठलेल्या माणसाला आधी पेज देतात तसं आहे हे. दुसऱ्या दिवशी तिथून थोडं आरव्ही ब्रॉथमध्ये ४१.५ डिग्रीला आणि थोडं टेट्राथायोनेटमध्ये ३७ ला, हे दोन्ही बाकीच्या जंतूंना दाबणारे कडक मीडिया. तिसऱ्या दिवशी एक्सएलडी नावाच्या प्लेटवर रेघा ओढून स्ट्रीक. चौथ्या दिवशी प्लेट उघडलीस की लालसर कॉलनी आणि मधोमध काळा ठिपका दिसतो, पहिल्यांदा बघते त्या मुलीच्या पोटात गोळाच येतो, मिळाली म्हणून आनंदही होतो आणि हे कोणाच्या तरी घरातल्या डब्यात जाणार होतं हेही कळतं. पण तरी लगेच रिपोर्ट लिहायचा नाही, कारण प्रोटियस आणि सिट्रोबॅक्टर हे दुसरे जंतूसुद्धा काळा ठिपका दाखवून फसवतात. मग ओळख पटवायच्या टेस्ट: टीएसआय, युरिएज, लायसिन, आणि शेवटी अँटीसेरा. एका 'हो' किंवा 'नाही'साठी जवळपास पूर्ण आठवडा.

आता खरा मुद्दा. समज कारखान्यातल्या लॉटमध्ये १०० पैकी एका पाकिटात साल्मोनेला आहे. तू पाच पाकिटं उचललीस आणि टेस्ट एकदम परफेक्ट केलीस. पाचही निगेटिव्ह यायची शक्यता किती? ०.९९ चा पाचवा घात कर, ०.९५ येतो. म्हणजे तो दूषित लॉट १०० पैकी ९५ वेळा पास होणार. बरं पाच नको, साठ पाकिटं घे, तरी निम्म्याहून जास्त वेळा पासच होणार. आणि हे सगळं टेस्टमध्ये कुठेही चूक नसताना. माझ्याकडे नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या आठवड्यात हे गणित स्वतःच्या हाताने करायला लावते, कारण ते एकदा डोक्यात बसलं की या फील्डकडे बघायची नजर बदलते.

हेच गणित १९६०च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांचं खाणं बनवणाऱ्यांसमोर आलं होतं. पिल्सबरी कंपनी, नासा आणि अमेरिकन आर्मीची नेटिक लॅब एकत्र काम करत होते आणि त्यांच्या लक्षात आलं की नुसत्या टेस्टिंगवर खात्री द्यायची म्हटलं तर बनवलेला बहुतेक माल टेस्टिंगमध्येच संपेल, वर पाठवायला काही उरणार नाही. मग त्यांनी उलटं केलं, शेवटी माल तपासत बसण्यापेक्षा बनवताना कुठल्या पायरीवर धोका शिरतो ते शोधायचं आणि ती पायरी पकडून ठेवायची. आज आपण ज्याला हॅसॅप म्हणतो ते इथून आलं. आता ती पायरी कुठली, तिथे तापमान किती लागेल, वेळ किती, कुठला जंतू त्यातूनही वाचतो आणि का वाचतो, हे सांगणार कोण? ते सांगणं हेच आपलं काम. जंतू सापडला का हा टेस्टिंगचा प्रश्न, आणि त्याला संधी कुठे मिळाली हा आपला. माझं अख्खं करिअर या दुसऱ्या प्रश्नामागे गेलंय.

भाताचंच घे. बॅसिलस सेरियस या जंतूचे स्पोर्स, म्हणजे उष्णतेतही टिकणारी त्याची बीजं, तांदळावर असतातच, शेतातल्या मातीतून येतात, भात शिजवल्यावर साधे जंतू मरतात पण स्पोर्स राहतात, उलट त्या उष्णतेने त्यांना जाग येते. भात कोमट असेपर्यंत ते वाढतात आणि काही स्ट्रेन (त्याच जंतूचे उपप्रकार) सेरियुलाइड नावाचं टॉक्सिन बनवतात ज्याने खाल्ल्यावर काही तासांत उलट्या होतात. हे टॉक्सिन १२१ डिग्रीला दीड तास ठेवलं तरी टिकतं, त्यामुळे 'सकाळी फोडणी देऊन खणखणीत गरम केला होता हो' याला काही अर्थ उरत नाही. १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये चायनीज रेस्टॉरंटच्या फ्राइड राइसमुळे लोक आजारी पडायला लागले तेव्हा हे प्रकरण नीट उलगडलं, तिथे भात शिजवून रात्रभर बाहेर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे.

आता हे पुस्तकात आहे, मग त्यात रिसर्च कसला? आम्ही मुंबईतल्या एका मोठ्या केटरिंग किचनमध्ये भाताच्या टोपाच्या बरोब्बर मधोमध थर्मोकपलची (तापमान मोजायची) वायर सोडून बसलो होतो. वरचा थर हाताला गार लागत होता, आचारी म्हणत होता मॅडम झाला गार आता झाकू का, आणि मीटरवर मधलं तापमान तेव्हाही जंतूंना आवडेल असंच होतं, कितीतरी तास. अमेरिकन फूड कोड सांगतो की शिजवलेलं अन्न ५७ वरून २१ डिग्रीला दोन तासांत आलं पाहिजे आणि एकूण सहा तासांत ५ डिग्रीला. तो टोप याच्या आसपासही नव्हता. तोच भात मोठ्या परातींमध्ये दोन-अडीच इंचाच्या थराने पसरला की गणित बदलतं. मग कुठल्या जाडीचा थर मुंबईच्या मे महिन्यात, जिथे किचनमध्येच ३६-३७ डिग्री असतं, किती वेळात सुरक्षित होतो, पंखा लावला तर काय, त्या वेळात सेरियसचा काउंट किती वाढतो, आपल्याकडच्या तांदळातल्या किती स्ट्रेनमध्ये ते टॉक्सिन बनवणारे जीन आहेत, हा झाला रिसर्च. युरोपातल्या थंड किचनमधले आकडे इथे आणून चिकटवता येत नाहीत. आणि याचं उत्तर आचाऱ्याला एका वाक्यात सांगता येतं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

माझ्या सगळ्यात जवळचा विषय मात्र मोड आलेली कडधान्यं. दादर, घाटकोपर, ठाणे, कुठल्याही स्टेशनबाहेर बघ, मटकी मूग चण्याचे ढीग, वरून पाणी शिंपडलेलं, आणि संध्याकाळी ऑफिसवरून सुटलेल्या बायका पाव किलो अर्धा किलो घेऊन जातात. मोड आणायची प्रोसेस डोळ्यासमोर आण: भिजवायचं, ओल्या फडक्यात बांधायचं, उबेला दोन दिवस ठेवायचं. जंतूंसाठी कोणी मुद्दाम इनक्युबेटर बनवला असता तरी याहून चांगला बनला नसता. बी शेतातून किंवा गोदामातून थोडेसे जंतू घेऊन येतं, सालीच्या चिरांमध्ये दडलेले, आणि मोड येईपर्यंत ते ग्रॅममागे लाखांत कोटींत जाऊ शकतात. वास नाही, रंग नाही, चिकटपणा नाही, मोड अगदी पांढरेशुभ्र.

उसळ केलीस, कुकरला शिट्टी काढलीस, विषय संपला, साल्मोनेला आणि ई. कोलाय उकळत्या रश्शात टिकत नाहीत, त्यामुळे मिसळीला कोणी घाबरायचं कारण नाही. प्रश्न येतो कच्चे मोड खाण्याचा, आणि हल्ली हेल्दी म्हणून सॅलडमध्ये, भेळेवर, टिफिनमध्ये कच्चे मोड खूप खाल्ले जातात. प्रेग्नंट बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं, केमो चालू असलेले पेशंट यांनी ते खाऊ नयेत हे मी भेटेल त्याला सांगत असते, इथेही सांगते.

२०११ साली जर्मनीत जे झालं ते प्रत्येक मायक्रोच्या विद्यार्थ्याने वाचायला हवं. मे महिन्यात लोक अचानक रक्ती हगवणीने आणि किडनी फेल होऊन हॉस्पिटलात यायला लागले, आणि नेहमी असा आजार लहान मुलांना होतो, इथे धडधाकट मोठ्या बायका जास्त. जंतू निघाला ई. कोलायचा एक प्रकार, ओ१०४:एच४. आधी संशय स्पेनच्या काकड्यांवर गेला, स्पेनच्या शेतकऱ्यांचं भयंकर नुकसान झालं, आणि काकड्या निर्दोष निघाल्या. पेशंटला विचारलं काय खाल्लं होतं, तर टोमॅटो काकडी लेट्यूस सांगायचे, मोडांचं नाव फार थोडे घ्यायचे, कारण सजावटीला चिमूटभर घातलेले मोड कोणाच्या लक्षात राहतात? मग तिथल्या लोकांनी फार हुशारी केली, पेशंटना सोडून रेस्टॉरंटच्या शेफला पकडलं, कुठल्या डिशमध्ये काय काय घालतोस ते लिहून घेतलं, ग्राहकांच्या ऑर्डरशी ते जुळवलं, आणि बोट मोडांकडे गेलं. तिथून उत्तर जर्मनीतलं एक फार्म, आणि तिथून मागे जात जात इजिप्तहून आलेलं मेथीचं बी. हो, आपली मेथी. ३,८०० च्या वर माणसं आजारी पडली आणि ५० हून जास्त गेली. त्याच्या आधी १९९६ मध्ये जपानच्या साकाई शहरात हजारो शाळकरी मुलं आजारी पडली होती, तिथेही संशय मुळ्याच्या मोडांवरच होता.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त काय शिकायला मिळालं असेल तर हे, की तो जंतू लॅबमध्ये फार लवकर सापडला होता, त्याचा जीनोमसुद्धा, म्हणजे सगळा डीएनए, काही दिवसांत वाचून झाला होता, पण लोकांचे जीव वाचले ते अन्नाचा माग काढल्यामुळे. डीएनए वाचणारं सिक्वेन्सिंग मशीन आणि शेफची वही, दोन्ही लागलं.

बरं मग मोडांचं करायचं काय? क्लोरीनच्या पाण्याने बी धुता येतं, अमेरिकेत २०,००० पीपीएम (दहा लाख भागांत २०,०००) इतकं जबरदस्त क्लोरीन सांगितलं जायचं, तरीही सालीच्या आत बसलेला शंभर टक्के जात नाही आणि उरलेला एखादाही मोड येताना पुन्हा वाढतो. म्हणून किरणांचा मार्ग पुढे आला. गॅमा किरण सालीच्या चिरेतही पोचतात. अमेरिकेने २००० साली मोडांसाठीच्या बियांना ८ किलोग्रेपर्यंत (किरणांचा डोस मोजायचं एकक) परवानगी दिली. आपल्याकडे ट्रॉम्बेला बीएआरसीमध्ये (भाभा अणुसंशोधन केंद्रात) तयार मोडांवर काम झालंय, तिथे डोस याहून खूप कमी लागतो, २ किलोग्रेच्या आसपास, आणि कमी लागावा हेच बघायचं असतं कारण डोस वाढला की मोड मऊ पडतात, बी असेल तर उगवत नाही. जंतू गेला पाहिजे, पण मटकी कुरकुरीत राहिली पाहिजे, जीवनसत्त्व टिकलं पाहिजे, आणि विकणाऱ्याला परवडलं पाहिजे. हे चारही एका वेळी जुळवताना वर्षं निघून जातात, आणि खरं सांगू, मला ती वर्षं फार आवडली.

किरण म्हटलं की लोक दचकतात. अन्न त्याने रेडिओअॅक्टिव्ह होत नाही, कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची एनर्जी तेवढी नसतेच. एफएओ, आयएईए आणि डब्ल्यूएचओ या अन्न, अणुऊर्जा आणि आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या एकत्र समितीने १९८० सालीच १० किलोग्रेपर्यंत कुठलंही अन्न सुरक्षित म्हणून सांगितलंय. वाशीला मसाल्यांचा प्लांट २००० पासून चालू आहे, लासलगावला कांद्यासाठीचं 'कृषक' हे किरण केंद्र २००२ पासून, आणि २००७ मध्ये आपला आंबा इतक्या वर्षांनी अमेरिकेत गेला तो याच तंत्राच्या जोरावर (तिथे प्रश्न जंतूंचा नव्हता, कोयीतल्या भुंग्याचा आणि फळमाशीचा होता, पण मशीन तेच). मुंबईत बसून हे सगळं तासा-दोन तासांच्या आणि लासलगाव धरलं तर एका दिवसाच्या अंतरावर आहे, एवढी सोय देशात फार कमी शहरांत आहे.

मासळीचंही एक सांगून पुढे जाते कारण मुंबईत राहून ते टाळता येत नाही. बांगडा बर्फाशिवाय उन्हात राहिला की त्याच्या मांसातल्या हिस्टिडिन या घटकाचं काही जंतू हिस्टामिन नावाचं त्रासदायक रसायन करून टाकतात, खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज येते, डोकं ठणकतं, आणि लोक म्हणतात मासळीची अॅलर्जी आहे. अॅलर्जी नसते बऱ्याचदा. आणि भातासारखंच इथेही तळून उकळून काही होत नाही, हिस्टामिन तसंच राहतं. म्हणजे पुन्हा पायरी कुठली? बोटीपासून ससून डॉकपर्यंतचा बर्फ. आणि तो बर्फ कुठल्या पाण्याचा, हा पुढचा प्रश्न. २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्याचा नसलेला बर्फ निळ्या रंगाचा करायला लावला तो याचसाठी की तो गोळ्यात आणि उसाच्या रसात जाऊ नये.

आता करिअरवर येते, तू विचारलंस तेच.

रस्ता साधारण असा आहे: सीएसआयआर नेट लाइफ सायन्सेस ही परीक्षा, जेआरएफ म्हणजे रिसर्चच्या फेलोशिपसकट. जोडीला गेट परीक्षेचा एक्सएल (लाइफ सायन्सेस) पेपर दे, त्यात मायक्रोबायोलॉजी आणि फूड टेक्नॉलॉजी दोन्ही सेक्शन घेता येतात. डीबीटी (केंद्राचं बायोटेक्नॉलॉजी खातं) आणि आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्या फेलोशिप वेगळ्या. जेआरएफ २०२३ पासून महिना ३७,००० आहे, वर घरभाडं भत्ता, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनिअर फेलो) झालीस की ४२,०००. डोंबिवलीहून अपडाऊन करणाऱ्या मुलीला यात जगता येतं, घर चालवता येत नाही, हे घरच्यांना आधीच मोकळेपणाने सांग. पीएचडीला पाच वर्षं धर. फेलोशिपचे पैसे तीन-तीन चार-चार महिने उशिरा येतात असंही होतं, त्यामुळे थोडी शिल्लक ठेवून ये.

जागा म्हणशील तर मुंबईत बीएआरसी (पदवी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची मिळते), माटुंग्याची केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था आयसीटी जिला जुने लोक अजून यूडीसीटीच म्हणतात, वर्सोव्याला मासळीसाठी सीआयएफई, परळला हाफकिन, आणि विद्यापीठाची कॉलेजेस. बाहेर जायची तयारी असेल तर म्हैसूरचं अन्न तंत्रज्ञानाचं सीएफटीआरआय, कोलकात्याची आयसीएमआरची संस्था, जिचं जुनं नाव नाइसेड. नाव मोठं आहे म्हणून गाइड निवडू नकोस. आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत बघ, ते फोनवर काय बोलतात त्यापेक्षा काय बोलायचं टाळतात ते ऐक, आणि लॅबमध्ये गेलीस की मायनस ८० डिग्रीचा फ्रीझर उघडून दाखवायला सांग. गोठवून जपलेल्या जंतूंच्या (ग्लिसरॉल स्टॉकच्या) व्हायलवर तारीख, सँपल कुठलं, कोणी आयसोलेट (जंतू वेगळा) केलं हे नीट लिहिलेलं असेल तर डोळे मिटून जा. आमच्याकडे जुन्या सीनिअर बाईंनी जपून ठेवलेल्या साल्मोनेलाच्या स्ट्रेन होत्या, त्यांच्या काळात अँटिबायोटिक रेझिस्टन्स (जंतूंनी औषधाला दाद न देणं) हा विषयही नव्हता त्यांच्या डोक्यात, पण लेबलं अशी व्यवस्थित की आज आम्ही त्यांचा जीनोम वाचून कुठला रेझिस्टन्स कधी आत शिरला ते बघू शकतो. फूड सेफ्टीत पुढची वीस वर्षं हा रेझिस्टन्सचा प्रश्न सगळ्यात मोठा असणार असं माझं मत आहे, चिकन, मासळी, भाजीला मिळणारं सांडपाणी, सगळीकडे, आणि त्यासाठी आपल्या इथल्या बाजारातल्या स्ट्रेन लागतील, परदेशातल्या डेटाबेसवर भागणार नाही.

क्यूसीची ऑफर घ्यावी का? माझ्या मते घे, पण वर्ष-दीड वर्षासाठी, आणि नेटचा अभ्यास चालू ठेवून. रूटीन लॅबमध्ये रोज चाळीस सँपल काढणाऱ्या मुलीचा हात आणि शंका घ्यायची सवय, दोन्ही पक्की होते, पीएचडीला थेट आलेल्यांना हे शिकायला दोन वर्षं जातात. फक्त लॅबला एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असावी. इंटरव्ह्यूत त्यांना विचार की प्रोफिशिअन्सी टेस्टिंगमध्ये (बाहेरून आलेलं सँपल तपासून आपली अचूकता दाखवणं) भाग घेता का, मीडियाची प्रत्येक बॅच पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल (ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं असे नमुने) लावून तपासता का. गोलगोल उत्तर आलं तर नको.

आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगते. कधीतरी फोन येईल की रिपोर्ट क्लीन हवाय, गाडी उभी आहे, पार्टी जुनी आहे, एकदाच. मी तरुण होते तेव्हा एका ठिकाणी माझ्यासमोर असा रिपोर्ट बदलला गेला आणि मी महिन्याच्या आत ती नोकरी सोडली, पुढची हातात नव्हती तरी. तू पण सोड. आपण ज्या कागदावर सही करतो त्याच्या भरवशावर कोणीतरी पोराला खाऊ घालतं. २००६ चा फूड सेफ्टी अँड स्टँडर्ड्स अॅक्ट, २०११ पासून लागू झालेले नियम, हे सगळं शेवटी त्या एका सहीवर उभं असतं. पुढे अनुभव घेऊन फूड अॅनालिस्टची परीक्षा दिलीस तर ती सही कायद्यानेच तुझी होईल, तोही एक चांगला रस्ता आहे आणि रिसर्चपेक्षा कमी मानाचा अजिबात नाही.

घरच्यांना काही सांगायचं असेल तर बायोकेमिस्ट कमला सोहोनींबद्दल सांग. दुर्गाबाई भागवतांची बहीण, १९३३ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये मुलगी म्हणून प्रवेश नाकारला जात होता तिथे अडून बसून प्रवेश मिळवला, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी, आणि मग परत येऊन काम कशावर केलं तर दूध, डाळी, नीरा. गरिबाच्या ताटात जे असतं त्यावर. पुढे मुंबईच्याच इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या त्या डायरेक्टर झाल्या, आणि निवृत्तीनंतर कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत भेसळीच्या प्रश्नावर काम केलं, तिच्या अध्यक्षही होत्या. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणी त्यांच्याकडे बघून या विषयात आल्या.

विषय निवडताना मात्र एवढं कर की आधी किट आणि मशीन बघू नकोस. ज्या मुली 'मला सिक्वेन्सिंग करायचंय' म्हणून येतात त्या दोन वर्षांनी अडकतात, कारण सिक्वेन्स कशाचा आणि कशासाठी हे ठरलेलं नसतं. ज्या मुली 'पनीर बनवल्यापासून हॉटेलच्या कढईपर्यंत बारा तास कुठे कुठे असतं' असं विचारत येतात त्यांचं काम होतं. पनीरचं मी उगाच नाही म्हटलं, लिस्टेरिया ही जंतूची जात फ्रिजच्या ४ डिग्रीलाही वाढते, त्यामुळे थंड ठेवलं म्हणजे सुरक्षित हे तिच्यापुढे चालत नाही, आणि पनीर, कापलेली फळं, क्लाउड किचनमधून येणारे थंड पदार्थ यावर आपल्याकडे अजून खूप कमी काम झालंय. यात चार पीएचडी सहज होतील.

शरीराची तयारीही ठेव. आम्ही सँपलिंगला पहाटे निघतो, बाजार पाच-सहाला भरतो आणि सँपल विकत घेतल्यावर बर्फाच्या डब्यात घालून लवकरात लवकर लॅबला न्यायचं असतं, जंतू वाटेत वाढले तर आकडा बाजाराचा राहत नाही, प्रवासाचा होतो. तो डबा घेऊन लोकलच्या लगेजच्या डब्यात उभं राहायचं, कोळणी आणि भाजीवाल्या शेजारी, आणि खरं तर निम्मी माहिती तिथेच मिळते, माल कुठून आला, पाणी कुठलं मारलं, उरलेलं रात्री कुठे ठेवतात. प्रश्नावली घेऊन गेलं की त्या काही सांगत नाहीत, शेजारी उभं राहिलं की सगळं सांगतात.

लगेच करायचं म्हटलं तर दोन कामं. नेटचा फॉर्म वर्षातून दोनदा निघतो, पुढचा सोडू नकोस. आणि एप्रिल संपायच्या आत तीन-चार लॅबना मेल टाक, कारण जूनपासून पावसाळी सँपलिंग चालू होतं, दूषित पाण्याचा त्रास तेव्हाच सगळ्यात जास्त असतो, आणि सगळीकडे हात कमी पडतात, तेव्हा इंटर्न घेतात. मेलमध्ये 'मला आपल्या मार्गदर्शनाखाली काम करायची इच्छा आहे' एवढंच लिहू नकोस, असे मेल रोज येतात. डोंबिवली स्टेशनबाहेर एक संध्याकाळ उभी राहा, मोडवाली पाणी कुठून आणते, ढीग किती तास उघडा असतो, रात्री उरलेल्याचं काय करते ते बघ, आणि त्यातून तुला पडलेला एक प्रश्न चार ओळींत लिही. असा मेल आला तर मी त्याच दिवशी उत्तर देते.